झेरॉक्सची काळी पूड: फुंकू नका, टिपून घ्या

जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीचा फॉर्म. झेरॉक्सशिवाय आपलं पान हलत नाही. तहसील, कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान टाकून घर चालवणारी मुलं-मुली आपल्या वस्त्यांतही आहेत. आजचं पान त्यांच्यासाठी.

मशीनमधली काळी पूड म्हणजे टोनर. ती प्लास्टिकची बारीक भुकटी असते आणि रंगासाठी तिच्यात बहुधा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी असते. एक कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. गरम रोलर ही पूड वितळवून कागदावर चिकटवतो. उरलेली आत साचते. ड्रमजवळच्या विजेच्या तारेवर ती बसली की कॉपीवर रेघा किंवा डाग येतात. जुन्या मशीनमध्ये याच तारेमुळे ओझोन वायू तयार होतो. त्याचा उग्र वास येतो, डोळे आणि घसा चुरचुरतो.

रेघा दिसल्या की पोरं ब्लोअर मारतात. मशीन साफ होतं, पण पूड खोलीभर उडते आणि श्वासातून आत जाते. खोकला, शिंका सुरू होतात, दमेकऱ्याचा दमा बळावतो. टोनरने कर्करोग होतोच असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे घाबरू नका. पण रोज धूळ गिळणं चांगलं नाही, एवढं नक्की.

हे करा:

• मशीन बंद करून प्लग काढा. रोलर थंड होऊ द्या.
• एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. तोंडाला रुमाल पुरत नाही.
• आतली पूड कोरड्या मऊ कापडाने टिपा. सांडलेली पूड ओल्या फडक्याने पुसा.
• घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. बारीक कण त्यातून परत बाहेर येतात, पेटही घेऊ शकतात.
• हात आणि कपडे थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने टोनर चिकटतो.
• खिडकी उघडी ठेवा. मशीनचा ओझोन फिल्टर वेळेवर बदला.
• रिकामं कार्ट्रिज जाळू नका. पिशवीत बांधून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर दवाखान्यात जा आणि कामाचं स्वरूप डॉक्टरांना सांगा. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

दुकानात नोकरी करणाऱ्यांनी मालकाकडे मास्क मागावा. यात लाजायचं काय? बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 मध्ये, कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. कामगाराच्या शरीराला मोल आहे, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं.

जय भीम!