मापातली शिस्त : मानक नगरचा धडा

लखनौहून कानपूरकडे निघालेली गाडी शहराची हद्द ओलांडण्यापूर्वी मानक नगर नावाचे एक छोटे स्थानक लागते. येथे भारतीय रेल्वेची 'अनुसंधान अभिकल्प एवं मानक संगठन' ही संस्था आहे. रेल्वेमंडळी तिला 'आरडीएसओ' म्हणतात. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मध्ये सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या एकत्रीकरणातून १९५७ मध्ये ही संस्था आकाराला आली. वसाहतीच्या नावातले 'मानक' म्हणजे आपल्या मराठीतले प्रमाण. यंत्रशाळेत पहिले पाऊल टाकणाऱ्याने सर्वप्रथम समजून घ्यायची गोष्ट हीच.

एका गावी बनलेला भाग दुसऱ्या गावी बनलेल्या भागात बिनतक्रार बसला पाहिजे, हे आधुनिक उत्पादनाचे मूळ सूत्र आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकसमान प्रमाण सुचविले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नटही वेगळा! देशभर पसरलेल्या रेल्वेला असा सवतासुभा परवडणारा नाही. म्हणूनच आरडीएसओचे आराखडे व विनिर्देश मोठ्या कारखान्यांप्रमाणेच रेल्वेला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान उद्योजकांनाही बंधनकारक असतात.

सूट किती, चूक किती?

कोणताही भाग अगदी तंतोतंत मापाचा बनत नाही. त्यामुळे आराखड्यात मापाबरोबर सूटही दिलेली असते. २५ मिलिमीटरच्या छिद्रापुढे 'एच ७' असे लिहिले असेल, तर ते २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर या मर्यादेत असावे लागते. त्यात सहज फिरणाऱ्या दांड्यासाठी 'जी ६' दिले असेल, तर त्याचा व्यास २४.९८० ते २४.९९३ एवढाच चालतो. दोहोंमधील फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. माणसाचा केससुद्धा सामान्यतः याहून जाड असतो!

लेथवर दांडा कातताना नवशिक्याची पहिली गफलत येथेच होते. हत्यार अर्धा मिलिमीटर आत सारले की व्यास एक मिलिमीटरने घटतो, कारण काप दोन्ही अंगांनी जातो. दांडा जाड राहिला तर पुन्हा कातता येतो. बारीक झाला तर तो भंगारातच जातो. छिद्राच्या बाबतीत नेमके उलट घडते. शिवाय ताजा कातलेला जॉब गरम असतो. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा २० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०२४ मिलिमीटरने फुगतो. म्हणून अचूक मोजणीसाठी २० अंश सेल्सिअस हे जगन्मान्य प्रमाण तापमान ठरले आहे.

शिकण्याचा क्रम

आधी कानस, हॅकसॉ आणि आखणी, मग व्हर्नियर व मायक्रोमीटर, त्यानंतर लेथ. आयटीआयमधील फिटर व टर्नर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम याच पायावर उभे आहेत, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे प्रत्यक्ष कारखान्यात शिकण्याची वाट मिळते. गतीचेही गणित असते. मऊ पोलाद हायस्पीड हत्याराने मिनिटाला ३० मीटर वेगाने कातायचे असेल, तर २५ मिलिमीटरचा दांडा मिनिटाला सुमारे ३८० फेरे फिरला पाहिजे. सुरक्षिततेचे नियम तर तोंडपाठच हवेत. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे व सैल बाह्या नकोत, आणि चकची किल्ली क्षणभरही चकमध्ये विसरू नये.

आपल्या मराठी मातीलाही ही परंपरा नवी नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली.

हिशेबाच्या नजरेतून

बँकेकडे यंत्रासाठी कर्ज मागताना नवउद्योजक यंत्राची किंमत अचूक सांगतात. मात्र मोजमापाची साधने आणि कामगारांचे प्रशिक्षण यांसाठी प्रकल्प अहवालात बहुधा रकानाच नसतो. समजा, शंभर नगांच्या मागणीत नफा दहा टक्के धरला आहे आणि दहा नग नापसंत झाले. अशा वेळी त्या दहा नगांची विक्री बुडते, पण त्यांचे पोलाद, वीज व मजुरी यांचा खर्च होऊन गेलेला असतो. नफ्याचा मागमूस उरत नाही. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच. उलट, एक चांगला मायक्रोमीटर आणि 'गो-नो गो' गेज यांची किंमत लेथच्या तुलनेत नगण्य असते.

तेव्हा ग्राहकहो, आपण स्वतः यंत्रशाळा काढणार असाल किंवा घरातील मुला-मुलीला या व्यवसायात घालणार असाल, तर यंत्राच्या अश्वशक्तीआधी मापाची शिस्त पाहा. रेल्वेचा एक लहानसा दांडाही हजारो प्रवाशांचा भार वाहत असतो. तो घडविणाऱ्या हातांना शंभरांश मिलिमीटरची किंमत कळली, की मालाला मागणी मिळते, उद्योगाला पत मिळते आणि प्रवाशाला निर्धास्त झोप!