साडेसहा हजार टनांचे शिखर, सव्वा मीटरचा पाया

इंग्लंडमध्ये स्टोनहेंज पाहायला गेलात, तर जवळच्या सॉल्सबरी गावातले गॉथिक कॅथीड्रल चुकवू नका. त्याचे १२३ मीटर उंच शिखर लांबूनच दिसते. पण खरी गंमत आत, चार मधल्या खांबांपाशी आहे. कडेला डोळा लावून वर पाहिले, तर हे दगडी खांब चक्क वाकलेले दिसतात!

असे का झाले? मुख्य इमारत १२२० ते १२५८ या काळात बांधली गेली. मनोरा आणि शिखर मात्र नंतर चढवले. त्यांचे सुमारे साडेसहा हजार टन वजन या चार खांबांवर आले, आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल!

दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण पडला की तडकतो. म्हणून गॉथिक कारागिरांनी टोकदार कमानी वापरल्या. पत्त्यांचा बंगला आठवा. दोन पत्ते एकमेकांना टेकवून पसरट ठेवले की खालून सरकतात, उभट ठेवले की टिकतात. टोकदार कमानही तशीच: तिचा भार जास्त करून खाली जातो, बाजूला कमी ढकलतो. उरलेला रेटा बाहेरचे दगडी टेकू जमिनीत पोहोचवतात. त्यामुळे भिंतींवरचा भार हलका होतो आणि तिथे मोठाल्या काचेच्या खिडक्या बसवता येतात.

सॉल्सबरीत एवढ्याने भागले नाही. खांब आत झुकू नयेत म्हणून मध्ये आणखी कमानी घालाव्या लागल्या. १६६८ मध्ये ख्रिस्टोफर रेन यांनी पाहणी केली, तेव्हा शिखर सुमारे पाऊण मीटर कललेले आढळले. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या देखरेखीखाली मनोऱ्याला आतून लोखंडी पट्ट्यांनी आवळले, कारण दगडाला न सोसणारा ताण लोखंड सोसते. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडाही याच स्कॉट यांचा.

आणि पाया? त्याखाली खडीचा थर आहे, भूजल अगदी वरपर्यंत आहे. पाण्याची पातळी फार बदलली तर जमीन खचू शकते. म्हणून आजही फरशीतल्या एका भोकातून काठी सोडून पाणी मोजतात. सातशे वर्षांचे शिखर उभे राहायचे, तर खालच्या पाण्यावर लक्ष ठेवावेच लागते.