गारा येतात कोठून? वरच्या वाऱ्याचा खेळ



मुकुटबन भागात फिरताना आम्हास एक प्रश्न हमखास ऐकू येतो, “साहेब, उन्हाळ्याच्या तोंडावर ह्या गारा येतेत कोठून जी?” प्रश्न रास्त आहे. २०१४ चे फेब्रुवारी-मार्च कोण विसरेल? राज्यातील २८ जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले. विदर्भात हाताशी आलेला गहू, हरभरा मातीत गेला.

याचे मूळ आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यास झोतवारा म्हणतात. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जातो. एरवी हा वारा उत्तर हिंदुस्थानावरून निघून जातो. पण नदीसारखी वळणे घेतो. एखादे वळण खोल होऊन दक्षिणेस उतरले की वर थंड हवा येते. खाली जमीन तापलेली, त्यात समुद्राकडून आलेली ओल. मग चुलीवरचे दूध उतू जावे तशी खालची हवा वर उसळते. ढग उंच चढतो, पाणी गोठते आणि वर-खाली हेलकावे खात गार मोठी होते. २०१४ साली अशी वळणे एकामागून एक उतरली.

वळण आले म्हणजे गारा पडणारच, असे मात्र नाही. संभव वाढतो, एवढेच. एका शिवारात सडा पडतो, शेजारचे कोरडे राहते. म्हणूनच नागपूरच्या वेधशाळेतून फुगा सोडून वरच्या हवेचा अंदाज घेतात. तिचा इशारा आला की दुर्लक्ष करू नये.

गारपिटीनंतर उसाचे काय करावे? कोवळ्या सुरू उसाची पाने फाटली तरी घाबरून नांगर घालू नये. त्याचा कोंब जमिनीखाली असतो. हलके पाणी व नत्राचा हप्ता दिल्यास तो पुन्हा धरतो. मोठ्या उसाचा पोंगा चिरून पाहावा. आत सडला असेल तर पांगशा फुटून उतारा घटतो. असा ऊस आधी तोडणीस द्यावा. लोळलेल्या उसातले पाणी चर काढून बाहेर काढावे. नुकसान झाल्यास तलाठ्यास व आमच्या गट कार्यालयास त्याच दिवशी कळवावे. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये.

वरचा वारा आपल्या हाती नाही. खालचे शेत आहे.

— ऊस विकास अधिकारी