मूल उशिरा का बोलते? मानसतज्ज्ञाची साक्ष आणि तिची मर्यादा

बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बहुतेकदा अंगावर खूण नसते आणि तिसरा साक्षीदारही नसतो. एकीकडे मुलाचा शब्द असतो, दुसरीकडे आरोपीचा नकार. उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील विचारतो, “हे दोन वर्षांपूर्वी घडलं, तर आईला तेव्हाच का नाही सांगितलंस? त्यानंतरही त्याच माणसाबरोबर फिरायला कसा गेलास?” मूल खाली मान घालते आणि ऐकणाऱ्यांना ते खोटे बोलत असल्यासारखे वाटू लागते. अशा वेळी सरकार पक्ष मानसतज्ज्ञाला साक्षीला बोलावतो. त्याला काय बोलू द्यायचे आणि कुठे थांबवायचे, हा साक्षीपुराव्याच्या कायद्यातला अत्यंत नाजूक प्रश्न आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर अनेक दशके निकाल दिले असून त्यांतून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू नीट दिसतात.

साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढे सांगावे, मत देऊ नये, हा साक्षीचा मूळ नियम. तज्ज्ञ हा त्याला अपवाद. पण त्याची साक्ष ग्राह्य ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. विषय सामान्य माणसाच्या समजेपलीकडचा असावा आणि त्यामागचे शास्त्र भरवशाचे असावे. भरवसा कसा जोखायचा, याची पहिली प्रसिद्ध कसोटी 1923 सालच्या फ्राय खटल्यातली. रक्तदाबावरून खोटे पकडण्याची चाचणी नाकारताना न्यायालयाने म्हटले, की संबंधित शास्त्रात सर्वसाधारण मान्यता मिळालेले तत्त्वच चालेल. 1993 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉबर्ट खटल्यात आणखी प्रश्न जोडले. सिद्धांत तपासून पाहता येतो का, चुकीचे प्रमाण किती, इतर अभ्यासकांनी तो पारखला आहे का?

न्यू जर्सीत 1984 साली केली खटला गाजला. वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या एका स्त्रीने पतीला कात्रीने भोसकले होते आणि स्वसंरक्षणाचा बचाव घेतला होता. खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूच्या मानसतज्ज्ञाची साक्ष नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानून पुन्हा खटला चालवायला सांगितले. “इतका मार पडत होता, तर ती घर सोडून का गेली नाही?” हा प्रश्न ज्युरीतल्या प्रत्येकाच्या मनात येणार होता, आणि त्याचे उत्तर केवळ व्यवहारज्ञानाने मिळण्यासारखे नव्हते.

बालकांच्या बाबतीत असेच उत्तर कॅलिफोर्नियातील मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 साली मांडले. अत्याचार सोसणाऱ्या मुलांच्या वागण्यात त्यांनी पाच गोष्टी नोंदवल्या : गुप्तता, असहायता, अडकलेपणातून परिस्थितीशी जुळवून घेणे, उशिरा आणि अडखळत केलेले कथन, आणि शेवटी सांगितलेले मागे घेणे. या मांडणीला त्यांनी ‘सिंड्रोम’ म्हटले. मुलाला लबाड ठरवण्याची मोठ्यांची सवय मोडावी, हा त्यांचा हेतू होता.

न्यायालयात मात्र या मांडणीचा भलताच वापर होऊ लागला. ही लक्षणे दिसतात, म्हणून अत्याचार झालाच, असा युक्तिवाद सुरू झाला. वैद्यकात लक्षणांवरून रोगाचे निदान होते. समिट यांच्या मांडणीत अत्याचार गृहीत धरलेला होता आणि त्यानंतरच्या वागण्याचे वर्णन होते. शिवाय मुलाने सांगितले तरी अत्याचार आणि शब्द फिरवला तरी अत्याचार, असे म्हटले, तर निर्दोष माणसाला सुटण्याची वाटच उरत नाही. 1992 साली समिट यांनीच या गैरवापराविरुद्ध लेख लिहिला. 1993 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानेही रेष आखली : अशी साक्ष मुलाच्या वागण्याविषयीचा गैरसमज दूर करण्यापुरतीच चालेल, गुन्हा सिद्ध करण्यासाठी नाही.

दरम्यान संशोधन पुढे गेले. 2005 सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसले, की मुले उशिरा सांगतात हे खरेच आहे. पण थेट विचारल्यावर नाकारणे किंवा शब्द मागे घेणे समजले जात होते तितके सर्रास नाही. यावर मतभेद राहिले. 2007 साली कॅलिफोर्नियातील 257 प्रकरणांच्या अभ्यासात सुमारे 23 टक्के मुलांनी सांगितलेले मागे घेतल्याचे आढळले. वयाने लहान असलेली, पालकाच्या जागी असलेल्या माणसाने छळलेली आणि घरातून आधार न मिळालेली मुले त्यांत अधिक होती.

हे सारे तपासून 2018 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने जे.एल.जी. खटल्यात समिट यांच्या मांडणीवरील साक्ष अग्राह्य ठरवली. ‘उशिरा सांगणे’ एवढाच भाग वाचला, आणि तोही गरज असेल तेव्हाच. त्या खटल्यातल्या मुलीने आपण का गप्प राहिलो हे स्वतःच नीट सांगितले होते, म्हणून तज्ज्ञाची गरज नव्हती. इतर पुरावा भक्कम होता आणि तिने फोनवर केलेले ध्वनिमुद्रणही होते, म्हणून आरोपीची शिक्षा कायम राहिली.

यातून तज्ज्ञाचे काम स्पष्ट होते. मुले सामान्यतः कशी वागतात, हे त्याने सांगावे. “हे मूल खरे बोलते आहे,” असे त्याने म्हणू नये. ते ठरवणे ज्युरीचे काम. म्हणून अनेकदा अशा तज्ज्ञाची त्या मुलाशी भेटही घडवली जात नाही.

भारतात असा निवाडा न्यायाधीशच करतात. तज्ज्ञाचे मत 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 खाली येत असे. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली येते आणि त्यात ‘इतर कोणतेही क्षेत्र’ हे शब्द वाढले आहेत. तज्ज्ञाने केवळ निष्कर्ष न देता तो पारखण्याचे निकषही न्यायालयापुढे ठेवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली हिमाचल प्रदेशातील जयलाल खटल्यात सांगितले. मत मानायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवतात. लैंगिक गुन्ह्यात तक्रारीला झालेल्या उशिराने फिर्याद आपोआप खोटी ठरत नाही, हे गुरमीत सिंग खटल्यातील 1996 च्या निकालाने पक्के केले. म्हणून उशिराचा उलगडा आपल्याकडे अनेकदा तज्ज्ञाविनाच होतो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 38 आणि 39 नुसार जाणकारांची मदत घेता येते, ती मुख्यतः मुलाला धीर देण्यासाठी आणि त्याचे म्हणणे न्यायालयापर्यंत नीट पोहोचावे यासाठी. ही मदत मिळाली, तर मान खाली घालून बसलेले मूल स्वतःच बोलू शकते, आणि त्याच्या वतीने कुणी तज्ज्ञाने निकाल सांगण्याची गरज पडत नाही.