खाजनाचा बांध कोण राखतो?

गोव्यातील खाजन जमीन आपल्या पूर्वजांनी खाडीला बांध घालून मिळवली. बांधातील मानशीची लाकडी झडप भरतीच्या जोराने मिटते आणि ओहोटीला उघडते. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मारा सोसतात.

ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती नुसत्या उपदेशाने नव्हे. बांध फुटला की खारे पाणी सर्वांच्याच भातात शिरे. म्हणून गावकारीमार्फत दुरुस्तीचा भार सर्वांनी उचलला, आणि उत्पन्नातला वाटा गावकारांना जोण म्हणून मिळाला.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कूळसंघांकडे आली. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. काही ठिकाणी लिलाव घेणारा मासळीसाठी भरतीतही झडप उघडी ठेवतो. फायदा त्याचा, नुकसान शेतकऱ्याचे! असे झाले की बांधाची आस्था सुटते आणि शेत पडीक पडते.

तेव्हा आपण कूळसंघाच्या सभेस अवश्य जाऊ या. झडप केव्हा मिटावी हे लिलावाच्या अटींत लिहून घेऊ. लिलावाच्या पैशांतून पावसाळ्यापूर्वी बांधावर माती घालू. तिवरे तोडू नयेत. नफा व तोटा दोन्ही सामाईक असले, तरच राखणही सर्वांची होते.