भंगारातील पोलाद आणि गावची ऐरण

नाशिकहून पुण्याच्या दिशेने निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर सिन्नर लागते. यादवकालीन गोंदेश्वर मंदिर, विड्यांचा जुना व्यवसाय आणि माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहती ही या तालुक्याची सर्वपरिचित ओळख होय. परंतु या ओळखीपलीकडे अवर्षणाशी झुंजणाऱ्या शेतकऱ्यांचाही एक सिन्नर तालुका आहे. बाजरीची कापणी, कांद्याची खुरपणी, काढलेल्या कांद्याची पात कापणे, बांधबंदिस्ती ही कामे यंत्रयुगातही मोठ्या प्रमाणावर हातांनीच होतात. त्यासाठी लागणारे विळे, खुरपी, कुदळी आणि पहारी लोहाराच्या भट्टीत घडतात, आणि बोथट झाल्या की पुन्हा तेथेच येतात.

या लोहाराला पोलाद मिळते कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर सोपे आहे. ते भंगारातून मिळते. ट्रकचे मोडलेले पाटे, ट्रॅक्टरचे झिजलेले आख, दगड फोडणाऱ्या यंत्रांचे निकामी ड्रिल हाच त्याचा कच्चा माल. म्हणूनच गावातील भंगार कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने आणि कशा पद्धतीने बाहेर जाते, याचा ग्रामीण कारागिरीशी निकटचा संबंध आहे. काट्यावर वजन होण्यापूर्वी भंगाराची निवड झाली, तर त्यातील थोडा भाग गावातच अवजार होऊन राहू शकतो. निवड न होता सारा ढीग एकाच भावाने गेला, तर तो वितळविण्यासाठीच जातो.

जुनी पद्धत, नवा माल

बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेत लोहाराला मजुरीपोटी खळ्यावर धान्य मिळे. लोखंड बहुधा शेतकऱ्याचे असे. झिजलेला फाळ, तुटलेली पास, गाडीच्या चाकाची उतरलेली धाव घेऊन शेतकरी भट्टीवर येई आणि त्याच लोखंडाची नवी वस्तू घेऊन जाई. भंगाराचा पुनर्वापर हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच ही रीत गावोगावी रूढ होती. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी अथवा गाडीलोहार समाजाचा व्यवसायही याच रीतीवर उभा होता. पुरुषाने सांडशीत तापलेले लोखंड धरावे आणि स्त्रीने घण उचलावा, हे दृश्य आजही रस्त्याच्या कडेला अधूनमधून दिसते. हा समाज राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत समाविष्ट आहे.

आता बैलगाड्या कमी झाल्या आणि धावांचे लोखंड दुर्मीळ झाले. त्याऐवजी मोटारींचा, यंत्रांचा व बांधकामांचा माल आला. महामार्गालगतची गॅरेजे, ट्रॅक्टरदुरुस्तीची दुकाने, दगडखाणी, विहीर खोदणाऱ्या मंडळींची ठिकाणे आणि कारखान्यांतील कापणीचे उरलेले तुकडे हे या मालाचे प्रमुख स्रोत होत. मात्र हा माल एकजिनसी नाही. जुन्या काळी लोहार आपल्या ओळखीचे लोखंड हाताळीत असे. आज त्याला अनोळखी लोखंड पारखावे लागते.

कोणते लोखंड कशासाठी

लोखंडाचे गुण मुख्यतः त्यातील कर्बाच्या प्रमाणावर अवलंबून असतात. कर्ब शेकडा ०.३ पेक्षा कमी असेल तर असे लोखंड पाणी देऊनही फारसे कडक होत नाही. बांधकामाच्या सळया, पत्रे, कोन आणि पट्ट्या या वर्गात मोडतात. त्यांपासून कड्या, बिजागऱ्या, हुक, खिळे अशा वस्तू चांगल्या होतात. धारेची अवजारे होत नाहीत. सळईपासून केलेला विळा दिसायला नवा दिसला तरी दुसऱ्याच दिवशी त्याची धार वळते आणि दोष मात्र कारागिराच्या हाताला येतो.

ट्रकच्या पाट्यात कर्ब साधारणपणे शेकडा ०.५ ते ०.६ असतो. शिवाय त्यात सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असते. विळा, कोयता, खुरपे आणि कुऱ्हाडीची धार यांसाठी हे पोलाद उत्तम ठरते. आखाचे पोलाद मध्यम कर्बाचे आणि चिवट असते. त्यापासून हातोडे व घण करता येतात. दगडात भोके पाडणारे ड्रिल छिन्नी आणि पहारीच्या टोकाला उपयोगी पडतात. कानशीत कर्ब शेकडा १ च्या आसपास असल्याने ती अतिशय कडक, पण ठिसूळ असते. लहान सुऱ्यांखेरीज तिचा वापर जपून करावा लागतो. बिडाच्या वस्तू मात्र लोहाराच्या कामाच्या नाहीत. बीड तापवून ठोकले की त्याचे तुकडे होतात. त्याची जागा ओतशाळेत आहे.

पोलाद महाग असल्याने ते काटकसरीने वापरण्याची जुनी युक्तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. कुऱ्हाडीचा सारा देह मऊ लोखंडाचा घडवून केवळ धारेच्या जागी पोलादाची पट्टी सांधली जाते. मऊ देह आघात सोसतो आणि पोलादी धार कापते. पाट्याच्या एका लहान तुकड्यात अशा प्रकारे एक अवजार उभे राहते.

पोलादाची परीक्षा

अनोळखी तुकडा ओळखण्याच्या काही सोप्या कसोट्या आहेत. पहिली ठिणगीची. तुकडा सहाणेच्या फिरत्या चाकाला लावला असता मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाटे असलेल्या निघतात. कर्ब जसजसा वाढतो तसतशा ठिणग्या फुलबाजीप्रमाणे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस असतात. ज्ञात पोलादाचा एक तुकडा शेजारी ठेवून दोन्हींच्या ठिणग्या ताडून पाहिल्या, तर चूक होण्याचा संभव कमी होतो.

दुसरी कसोटी प्रत्यक्ष पाणी देऊन पाहण्याची. तुकड्याचे टोक तापवीत असताना चुंबक त्याला चिकटेनासा झाला, म्हणजे उष्णतामान सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोहोचले असे समजावे. त्याहून किंचित अधिक तापवून ते तेलात बुडवावे. थंड झाल्यावर कानस त्यावर घसरत असेल तर पोलाद कडक झाले; कानस रुतत असेल तर ते धारेच्या कामाचे नाही. पाट्याचे पोलाद एकदम पाण्यात बुडविल्यास तडकण्याची भीती असते, म्हणून तेल बरे. कडक झालेल्या अवजाराला पुन्हा सौम्य उष्णता देणे आवश्यक असते. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांच्या आसपास निळा रंग येतो. बारीक धारेला पिवळा ते तपकिरी आणि आघात सोसणाऱ्या अवजाराला जांभळा ते निळा, हा साधारण नियम होय.

तिसरी कसोटी भेगांची. मोडलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. तुकड्यावर रॉकेल लावून ते कोरडे पुसून घ्यावे व वर खडूची भुकटी पसरावी. भेगेत मुरलेले रॉकेल खडू ओला करते आणि रेघ उमटते. असा भाग कापून टाकावा. भेग तशीच राहिली, तर अवजार नेमके जोर लावण्याच्या क्षणी तुटते व वापरणाऱ्याला इजा होते.

जुनी हत्यारे : ऐरण, शेगडा, सांडशी

कच्च्या मालाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हत्यारांचा आहे. एखादी भट्टी बंद पडते, पुढची पिढी कारखान्यात जाते आणि घराच्या कोपऱ्यात पडलेली ऐरण एके दिवशी किलोच्या भावाने विकली जाते. वास्तविक चांगली ऐरण दोन-तीन पिढ्या टिकते आणि नव्या कारागिराला ती सहजासहजी परवडत नाही. भंगारात गेलेली ऐरण हे केवळ लोखंडाचे नव्हे, तर एका संभाव्य भट्टीचे नुकसान असते.

जुनी ऐरण घेताना तिच्या वरच्या पृष्ठभागावर सुमारे १० इंचांवरून बेअरिंगची पोलादी गोळी सोडून पाहावी. ती ७ इंच किंवा अधिक उसळली तर ऐरणीचा माथा सुस्थितीत आहे. ३-४ इंचच उसळली तर ती मऊ पडलेली किंवा बिडाची असण्याचा संभव आहे. शेगडा घेताना त्याचा आटा आणि जबड्यांची पकड पाहावी. सांडशीचा खिळा सैल असेल तर तो बदलता येतो, पण पाय वाकलेले असले तरी तडकलेले नसावेत. माथा चेंदलेले हातोडे व छिन्न्या घासून घेतल्याशिवाय वापरू नयेत, कारण चेंदलेल्या कडेचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

अशा हत्यारांसाठी पुण्यातील मंगळवार पेठेत रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार प्रसिद्ध आहे. नाशिकमध्ये अंबड-सातपूर जोडरस्त्यावरील भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटविला. असे बाजार हलले की कारागिराच्या माहितीतील ठिकाणेही हलतात. म्हणून दूरच्या बाजारावर विसंबण्यापेक्षा गावातल्या गावात हत्यारांचे हस्तांतर होणे अधिक हितावह ठरते.

भंगारातील धोके

भंगारातील प्रत्येक वस्तू आगीत घालण्याजोगी नसते. जस्ताचा मुलामा दिलेले नळ व पत्रे तापविले की जस्ताची वाफ होते आणि ती श्वासावाटे गेल्यास थंडी वाजून ताप येतो. दोन्ही टोके बंद असलेली नळी, गाडीचा शॉकॲब्सॉर्बर, वायूचे जुने सिलिंडर तापविल्यास स्फोट होतो. बॅटरीतील शिसे आणि जुना रंग हेही आरोग्यास घातक आहेत. क्रोमचा मुलामा दिलेल्या वस्तू भट्टीपासून दूरच ठेवाव्यात.

दिल्लीतील मायापुरी भंगार बाजारातील २०१० सालची दुर्घटना या संदर्भात प्रत्येक शाळा व महाविद्यालयाने लक्षात ठेवावी अशी आहे. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने उपकरण लिलावात विकले गेले. त्यातील कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ भंगाराच्या दुकानात उघडा पडला. त्यात एकाचा मृत्यू झाला व इतर काहींना गंभीर इजा झाली. उपकरणात काय आहे हे न पाहता त्याची विक्री करण्याची किंमत अशी मोजावी लागते.

मालाचा मूळ मालक कोण?

भंगार घेताना ते कोणाचे आहे, याची खात्री करणे कारागिराच्या हिताचे आहे. रुळाचा तुकडा ऐरण म्हणून चांगला चालतो. ५२ किलो प्रतिमीटर वजनाच्या रुळाचा एक फूट लांबीचा तुकडा सुमारे १६ किलोचा भरतो. परंतु रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, १९६६ अन्वये चोरीची अथवा बेकायदेशीररीत्या मिळविलेली रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा गुन्हा आहे. विजेच्या मनोऱ्यांचे कोन, पाणीपुरवठ्याचे नळ, गटारांची झाकणे यांबाबतही हाच विवेक हवा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये शिक्षेस पात्र आहे. विक्रेत्याकडून साधी पावती घेण्याची सवय लोहाराला अनेक अडचणींतून वाचवू शकते.

ग्रामपंचायती व शाळांचे कार्य

ग्रामपंचायत, शाळा व कार्यालये यांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत वर्षानुवर्षे मोडक्या वस्तू पडून असतात. निर्लेखन झाल्यावर त्यांचा बहुधा एकत्रित लिलाव होतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ वजनाचा ढीग असतो. यातील बराचसा माल अखेर भट्ट्यांकडे जातो. जालना येथील पोलाद कारखान्यांत भंगारापासून बांधकामाच्या सळया तयार होतात. तो उद्योगही उपयुक्तच आहे. परंतु जे पोलाद न वितळविता, केवळ तापवून व ठोकून अवजार होऊ शकते, ते वितळवून सामान्य सळई करणे हा गुणांचा अपव्यय होय.

नियमांच्या चौकटीत राहूनही येथे पुष्कळ करता येईल. निर्लेखित वस्तूंची यादी करताना पाटे, आख, पहारी, कामाची हत्यारे स्वतंत्र दाखवावीत. अनुज्ञेय असेल तेथे त्यांचे लहान गट करावेत. लिलावाची सूचना फलकावर लावण्याबरोबरच गावातील व परिसरातील लोहारांना तोंडी कळवावी. प्रयोगशाळेतील उपकरणे जाणकाराकडून तपासून घेतल्याविना या ढिगात मिसळू नयेत. शासकीय वाहनांची गोष्ट मात्र वेगळी आहे. १५ वर्षांवरील शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले असून, काही अपवाद वगळता, त्यांची मोडतोड नोंदणीकृत केंद्रातच व्हावयाची आहे. ती गावात उघडू नयेत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय असून त्यात लोहारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. अर्जाच्या पडताळणीचा पहिला टप्पा ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे आहे. भटकंती करणाऱ्या कारागिरांजवळ कागदपत्रे अपुरी असतात. पंचायत सदस्याने अशा वेळी पुढाकार घेतला तर अर्ज पुढे सरकतो. न घेतल्यास तो तेथेच थांबतो.

शिक्षकांनाही येथे एक पाठ सापडेल. चुंबकाचा लोखंडावरील परिणाम, उष्णतेने बदलणारे रंग, कर्बाचे प्रमाण आणि कडकपणा यांचा संबंध हे विषय पुस्तकात आहेतच. ठिणग्यांपासून सुरक्षित अंतर राखून विद्यार्थ्यांना एकदा गावच्या भट्टीवर नेले, तर ते विज्ञान डोळ्यांसमोर घडताना दिसेल आणि ते जाणणारा माणूस आपल्याच गावात राहतो, हेही त्यांना कळेल.

सिन्नरच्या माळावर यंत्रे वाढतील, रस्ते रुंदावतील आणि भंगारही वाढत जाईल. त्या ढिगातून कामाचा तुकडा वेचणारा हात आणि तो ठोकण्यासाठी ऐरण गावात शिल्लक राहील की नाही, हे पुष्कळसे गावाच्याच हाती आहे. पुढील निर्लेखनाची यादी तयार होईल तेव्हा सही करण्यापूर्वी लोहाराला एकदा बोलावून ती वाचून दाखवावी, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकेल.