कावडीतील गंगा, शिवारातील गंगा

गुढीपाडव्याच्या मंगल दिनी तिसगावाजवळील मढीच्या गडावर कानिफनाथांच्या समाधीस गंगास्नान घडते. त्यासाठी भाविक पैठणहून गोदावरीचे जल कावडीने वाहून आणतात. पाथर्डीच्या या अवर्षणग्रस्त मुलखात पाण्याचे मोल त्या कावडीइतके दुसरे कोण सांगणार?

आज ऋतुचक्राची घडी विसकटत आहे. हवामानबदलामुळे पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मधले दिवस कोरडे जातात. अशा वेळी पडेल तो थेंब शिवारातच अडविणे, हाच खरा उपाय होय.

हा मार्ग आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याने दाखविला आहे. राळेगणसिद्धीत १९७५ साली अण्णा हजारे यांनी आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने. देवकार्यासाठी एकत्र आलेले हात पुढे श्रमदानाने पाणी अडवू लागले. हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी समतल चर खणले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. तेथील ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिके ठरविते.

श्रमाहून कठीण असतो तो संयम. शेजाऱ्याच्या विहिरीसाठी आपला ऊस सोडणे, शेतीसाठी कूपनलिका न घेणे, हे व्रत एकट्याने निभत नाही. त्याला सारा गाव लागतो.

कावडीचे पाणी भाविक वाटेत सांडू देत नाहीत. तीच निष्ठा आपल्या शिवारातील पाण्याविषयी बाळगण्याचा संकल्प या वर्षप्रतिपदेस आपण करू या. नाथांची ती सेवाच ठरेल, असे आम्हांस वाटते.